झमकूचा शेवट

देवासच्या मराठी मंडळात उमाशंकरकाका आपली नवी कथा वाचत होते. त्यांचं घर रंगवायला आलेल्या नानसिंगनं दुपारच्या चहाला त्यांना एक स्वप्न सांगितलं होतं. मनावर गावाकडच्या एका खेड्यात एकटी राहणारी त्याची बायको, झमकू, एक दिवस त्याच्याबरोबर पक्क्या घरात झोपाळ्यावर बसणार होती. नाव काकांना इतकं अस्सल वाटलं की कथेत त्यांनी तेच ठेवलं. शेवटी फक्त तिला मारलं, कारण त्याशिवाय कथेला वजन येत नव्हतं.

आज मंडळात चहा वाटायलाही काकांनी नानसिंगलाच आणलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं. पण माईकवर सारखं झमकूचं नाव येत होतं आणि बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

त्यानं दाराजवळ बसलेल्या कृतिकाला हळूच विचारलं, "दीदी, झमकू को क्या हुआ? सब रो क्यूं रिये हैं?"

"मर गई, भिया," कथेत बुडालेली कृतिका हुंदका आवरत म्हणाली. "घर में अकेली थी, साँप ने काट लिया."

नानसिंगनं चहाची किटली जमिनीवर ठेवली. "मेरी घरवाली है," एवढंच म्हणाला आणि बस स्टँडच्या दिशेनं पळत सुटला.

कृतिका घाबरून स्टेजकडे धावली. "काका, नानसिंगला ते खरं वाटलं! तो गेला!"

काकांनी टाळ्या संपू दिल्या. मग खिशातून पेन काढलं.

 

"ऐकल्यावर त्यानं आधी काय केलं? नीट आठवून सांग."