लाकडी दारांचा टीव्ही

बापट गेले, तेव्हा रत्नाकररावांच्या पदरात पडण्यासारखी एकच गोष्ट होती: बापटांचा जुना रंगीत टीव्ही, पडद्यावर लाकडी सरकती दारं असलेला. त्या कंपनीची बाकी सगळी मॉडेल्स रत्नाकररावांच्या माळ्यावर हारीने उभी होती. हेच तेवढं नव्हतं. म्हणून तिसऱ्याच दिवशी ते बायकोला घेऊन भेटायला गेले. नलिनीबाईंना वाटलं, मैत्रीची ओढ.

बापटांच्या पत्नी उषावहिनी डोळे पुसत आत गेल्या, तसे रत्नाकरराव उठले. “धर जरा,” म्हणत टीव्हीवरचा बापटांचा फोटो त्यांनी बायकोच्या हातात कोंबला आणि मोबाइलचा उजेड पाडत सेटच्या मागे वाकले.

“अहो, शोभतं का हे? दहावा तरी होऊ द्या!”

“तोवर भंगारवाला नेईल! हे बघ, डिलक्स. एकच वर्ष निघालं होतं.”

वहिनी दारातच उभ्या होत्या. “न्या भावजी. ह्यांचा फार जीव होता त्याच्यावर. मला आता कुठे बघवतोय?”

“जिवापाड जपेन, वहिनी!” रत्नाकरराव गहिवरले, आणि तेही अगदी मनापासून. फोटो ठेवायचा कुठे, ते नलिनीबाईंना कळेना. अखेर वहिनींनीच तो घेऊन खुर्चीवर टेकवला.

टेम्पो लगेच आला. गल्लीच्या तोंडाशी तो मघापासून उभाच होता.

भाडं द्यायच्या वेळी रत्नाकरराव खिसे चाचपत राहिले. “सुट्टे नाहीत हो.”

उषावहिनींनी आतून पैसे आणून दिले.