सुरभीचं पहिलं मत

“आज सोळा वर्षांच्यांना मत द्या, उद्या पंधरावीस पोरं येऊन आपल्यालाच हॉलबाहेर काढतील,” अध्यक्ष शिवाजीराव म्हणाले.

झाशीत मानिक चौकामागच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये नऊ सभासद जमले होते. सरकारने मतदानाचं वय अठरा करून कितीतरी वर्षं झाली, समाजाचं एकवीसच राहिलं होतं. ते सोळावर आणायचा ठराव आधी होता. त्यानंतरचा ठराव हॉल एका कापडवाल्याला गोदामासाठी भाड्याने देण्याचा.

वयाचा अर्ज सतरा वर्षांच्या सुरभीचा होता. ती समोर सतरंजीवर ताठ बसली होती.

“आधी धड मराठी बोलायला शीक, बाई,” शिवाजीराव तिला म्हणाले. “इथे उभं राहून मराठीत मत सांगावं लागतं.”

“समजते सगळी, काका. बस, बोलताना अटकते. पण हॉलमध्ये रोज मी येते. आप लोग तर फक्त गणपतीत येता.”

कुणीतरी हसलं. शिवाजीराव हसले नाहीत.

सचिव रामकृष्ण, सगळ्यांचे नाना, मान खाली घालून वही चाळत होते. रोज दुपारी हॉल तेच उघडत आणि पुस्तकांच्या कपाटापाशी वाचत बसत. पलीकडच्या बाकावर सुरभी अभ्यास करी. तासन्‌तास दोघं एकमेकांशी शब्दही बोलत नसत. इथे गोदाम झालं तर पोरीने अभ्यास कुठे करायचा, हा प्रश्न त्यांना आठवडाभर छळत होता. पण भरल्या सभेत तोंड उघडायचं म्हटलं की ते मागे सरत. आपण कोण सांगणार, असं वाटे.

एकेक जण उठून ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणू लागला. चार मान्य, चार अमान्य. सचिवाचं मत शेवटी.

नाना उठले. वही उघडी धरली.

“मी... यादी काढलीय. सोळा ते एकवीस वयाची, झाशीत राहणारी आपली मुलं.”

“मग? किती भरली?” शिवाजीरावांनी विचारलं.

“एक. ही सुरभी.”

शिवाजीरावांचा मुलगा केयूर गेल्याच वर्षी नोएडाला गेला होता.

“मान्य,” नाना म्हणाले आणि मटकन खाली बसले.

लगेच गोदामाचा ठराव आला. आधी सुरभीच्या बाजूने ‘मान्य’ म्हणालेल्या शशिकलाबाईंना वाटत होतं, भाडं आलं तर निदान छत तरी दुरुस्त होईल. त्या या वेळी शिवाजीरावांच्या बाजूला गेल्या. पाच मान्य, चार अमान्य. बरोबरी झाली की ठराव पडतो, हा समाजाचा जुना नियम. सगळे सुरभीकडे पाहू लागले.

ती उभी राहिली. “अमान्य,” म्हणाली. कुठेही न अडखळता.

शिवाजीरावांनी चष्मा काढून पुसला. “पडला ठराव. झाली ना तुझ्या अभ्यासाची सोय?”

“माझी कशाला, काका? मी तर जुलैत पुण्याला चालले. ॲडमिशन झाली.” नानांकडे न बघताच ती म्हणाली, “पण मी गेल्यावर नाना दुपारचे कुठे बसतील?”