कट्ट्याची लांबी

कट्ट्यावर लोखंडी टोकं बसवायची ठरली आणि त्यांचं ड्रॉइंग काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. कट्टाही तिनंच काढलेला होता.

"कुणी बसू नये म्हणून?" तिनं विचारलं.

"बाहेरच्या कुणी बसू नये म्हणून," साहेब म्हणाले. "सभागृहाच्या समितीची तक्रार आहे. एवढं नीट निस्तर, मग नव्या शाळेचं काम तुझ्याकडे देतो."

ती "बरं" म्हणाली. वर्षापूर्वी भांडली असती. आर्किटेक्ट झाल्यावरचं तिचं हे पहिलं स्वतःचं काम, वस्तीचं सभागृह. त्यासाठी ती मातीच्या विटांवरून ठेकेदाराशी भांडली, वरच्या झरोक्यांवरून साहेबांशी भांडली, आणि बाहेरच्या भिंतीला लागून सावलीत कट्टा हवा म्हणून जवळजवळ सगळ्यांशी भांडली. येणाऱ्याजाणाऱ्याला घटकाभर टेकता यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. इमारत उभी राहिली, आत भर दुपारी पंखा लावावा लागेना, आणि ती मात्र पार पिचून गेली. नवं भांडण काढायचं तर त्यालाही अंगात त्राण लागतं.

घरी ती नावालाच राहत होती. घरात दोघंच, ती आणि बाबा. ती सकाळी निघायची तेव्हा बाबा झोपलेले असायचे. परतायची तेव्हा बाबा पुन्हा झोपलेले आणि ताट झाकून ठेवलेलं. पूर्वी असं नव्हतं. कॉलेजात असताना मोजमापांचा सराव म्हणून तिनं घरातली एकूण एक भिंत मोजली होती. टेपचं दुसरं टोक बाबा धरायचे आणि दर वेळी मोठ्या जबाबदारीनं सांगायचे, "शून्य धरलंय." जेवताना ती वारा, सावली, झरोके यांच्यावर बोलत सुटायची आणि बाबा हात वाळेपर्यंत ऐकत बसायचे.

आता बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. दुपारी त्यांचा फोन यायचा. "जेवलीस का?"

"हो. तुम्ही काय करताय?"

"काय करणार? पडलोय घरात."

फोन तेवढ्यावर संपायचा. तिला वाईट वाटायचं, आणि मग कामाच्या रगाड्यात ते वाईट वाटणंही राहून जायचं.

त्या दिवशी दुपारी ती टेप घेऊन वस्तीत पोचली. समितीच्या अध्यक्षबाई सभागृहाच्या दारातच उभ्या होत्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "कोण कुठला म्हातारा, रोज येऊन बसतो. नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं. पण हा आम्हालाच शिकवतो हो. झरोक्याला पुठ्ठा लावला, तर म्हणे काढा, गरम हवा कुठून जाणार? भिंतीत खिळा ठोकला, तर असा कळवळला, जसा काही त्यालाच ठोकला. यालाच हाकलायला हवीत ती टोकं."

एरवी तिला हसू आलं असतं. "बघते," एवढंच ती म्हणाली. बाई किल्ल्या आणायला आत गेल्या.

म्हातारा कट्ट्याच्या पार टोकाला बसला होता, तोंडासमोर वर्तमानपत्र उघडून. शेजारी पाण्याची बाटली होती. तिनं त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. लांबी घ्यायची आणि निघायचं. पण एकटीला टेप धरता येईना. टोक सारखं निसटत होतं.

"आजोबा, हे टोक जरा धरता?"

वर्तमानपत्र हललं नाही. त्याच्याखालून फक्त एक हात पुढे आला. त्यानं टोक कट्ट्याच्या कडेला लावलं आणि वर अंगठा दाबला. ती टेप ओढत दुसऱ्या टोकाला गेली आणि आकडा वाचायला वाकली.

"शून्य धरलंय," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

ती वाकलेलीच राहिली. सवय माणसाला कुठं पकडून देईल, सांगता येत नाही. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. पकडलं गेल्यावर शाळकरी मुलं करतात तसा चेहरा बाबांनी केला होता.

तेवढ्यात बाई किल्ल्या घेऊन बाहेर आल्या. "हाच तो," त्या म्हणाल्या. "झालं का मोजून?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून घाईघाईनं उठले. "निघतो मी, मॅडम," ते तिला म्हणाले, अगदी अनोळखी माणसाशी बोलावं तसं. "उद्यापासून नाही येत."

त्यांनी टोक सोडलं आणि टेप सळसळत तिच्या हातात परत आली. शाळेचं काम तिला आठवलं. गेलं तर गेलं, असं तिच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं.

"टोकं बसणार नाहीत," ती बाईंना म्हणाली. "साहेबांना मी सांगते."

"आणि हा बाहेरचा माणूस?"

"बाहेरचे नाहीत. माझे वडील आहेत."

बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं झरोक्यावरचा पुठ्ठा ओरबाडून काढल्याचा आवाज आला.

ती बाबांना धरून खाली बसली. भिंत पाठीला गार लागत होती. स्वतःच काढलेल्या कट्ट्यावर ती पहिल्यांदाच टेकत होती.

"दोन बस बदलून येता, बाबा? या गुडघ्यांनी?" ती म्हणाली. "आपलं घर दुपारचं इतकं तापतं का?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "घरात तू नसतेस."