दोरीवरचे कपडे

रसायनांच्या कारखान्याला खेटून असलेल्या वसाहतीत भोंग्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. सुरक्षा अधिकाऱ्याच्या दोरीवर त्याच्या मुलांचे कपडे वाळत दिसले, की लोक निर्धास्त. आई पाय घसरून पडली, असा माहेरून निरोप आला, तशी त्याच्या बायकोने ओले कपडेच पिशवीत कोंबले आणि मुलांना घेऊन बसथांबा गाठला. मागे वळून पाहते तर अख्खी वसाहत, कडेवर पोरं, हातात बोचकी. तिला हसू आवरेना. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी आईकडे निघाले, तर सगळे जीव मुठीत धरून माझ्यामागे आलेत. यांना जरा समजावा ना."

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "कोणालाही माघारी पाठवू नकोस."