नऊच्या ठोक्याला

“हसू नका हो! कामावरची माणसं कधी हसतात का?” कंत्राटदार ओरडला, आणि पांढऱ्या कोटातली सगळी जणं आणखीच हसली.

हसू येणारच. कोट नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आले होते. पहिल्या टेबलापाशी उभ्या असलेल्या तिच्या कोटाच्या कॉलरला आतून पट्टी शिवलेली होती: ‘डॉक्टर, अंक दुसरा’. शेजारच्या चष्मेवाल्याच्या वाट्याला ‘वेड्यांचा डॉक्टर’ आला होता. टेबलावरच्या काचेच्या चंबूंत निळीचं पाणी भरून ठेवलेलं. तिनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, तेही पहिल्या वर्गात. औषधाच्या कारखान्यात असलं निळंशार काही नसतं, हे तिनं आल्या आल्या सांगून पाहिलं होतं.

“ताई, टीव्हीवर निळंच शोभतं,” कंत्राटदार म्हणाला. विषय संपला.

हा औषधांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती परकरात होती. यंत्रं जुनी झाली होती. नवी आणायची तर नियम बदलायला हवे होते, आणि नियमांना हात लावला की कोणीतरी दुखावणार, मतं फुटणार. मग येणारा प्रत्येक मंत्री एक समिती नेमायचा आणि हात झटकायचा. कारखान्याला गंज चढत गेला. इकडे कॉलेजातून दरवर्षी नवी पोरं पदव्या घेऊन बाहेर पडत होती आणि घरात बसून पिकत होती.

आता निवडणूक तोंडावर आली, तसा कारखाना ‘सुरू’ झाला. कॅमेरा ज्या बाजूला वळणार तेवढी भिंत रंगवली. कंत्राटदारानं एका दिवसापुरते कामगार आणले. सगळे पदवीधर. पदवीधर स्वस्त पडतात, आणि शिकलेले म्हणून गोंधळही घालत नाहीत.

तिची गोष्ट जरा वेगळी होती. तिला एक वाक्य मिळालं होतं. उद्घाटनाला येणारे मंत्री तिच्यापाशी थांबून विचारणार, “काय बाई, बरं वाटतंय ना?” तिनं म्हणायचं, “साहेब, तुमच्यामुळे घरात चूल पेटली.” वाक्य नीट आलं, तर कंत्राटदाराच्या ऑफिसात तिला नोकरी. खरीखुरी. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी. नवराही तिच्यासारखाच शिकलेला, लोकांच्या दारात पार्सलं पोचवत फिरत होता. लेकराला दात येत होते. निघताना ते तिच्या खांद्याला असं चिकटलं होतं की सोडवून घेताना तिचाच जीव कळवळला. कोटाखाली त्याच्या लाळेचा डाग अजून ओला होता.

“एकच वाक्य ना? म्हणून टाक बाई,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “पाहुण्यांना मी तरी काय सांगते? सून नोकरीला आहे म्हणूनच सांगते ना!”

तेव्हा ती वाक्य म्हणणार होती. मनाशी पक्कं होतं.

तेवढ्यात चष्मेवाल्यानं टेबलाखालून पिशवी पुढे सरकवली. “डबा आहे. वाटून खाऊ.”

“अरे, दुपारी सोडणारेत आपल्याला. डबा कशाला आणलास?”

“आईनं दिला.” तो चंबू पुसू लागला. “घरी मी खरंच लागलोय म्हणून सांगितलंय. ती आज पहाटेपासून गाणं गुणगुणत होती गं. मग खरं सांगायला माझी काही जीभच वळेना.”

“आणि उद्या काय सांगशील?”

“उद्याचं उद्या.” तो हसला. नाटकातला डॉक्टरसुद्धा इतकं वाईट हसला नसता.

बाहेर गाड्या थांबल्या. दारं आपटली. मंत्री आत आले, मागोमाग कॅमेरे. टेबलांमधून ते वाट काढत होते. कोणाच्या पाठीवर थाप, कोणाच्या चंबूकडे कौतुकाची नजर. मग ते तिच्यासमोर थांबले. माईक पुढे आला.

“काय बाई, बरं वाटतंय ना?”

“साहेब, तुमच्यामुळे घरात चूल पेटली,” ती म्हणाली. स्वच्छ, न अडखळता. मंत्र्यांच्या मागे उभ्या कंत्राटदारानं सुटकेचा निःश्वास टाकला.

मंत्री वळले. माईक अजून तिच्यापुढेच होता.

“तेवढं एक सांगा साहेब. उद्या किती वाजता यायचं?”

कंत्राटदाराचा चेहरा पडला. पण मंत्र्यांची हयात कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हणण्यात गेली होती. ‘नाही’ त्यांच्या तोंडून निघतच नसे.

“किती वाजता म्हणजे? नऊच्या ठोक्याला!” हात उंचावून ते गरजले. “सगळ्यांनी!”

टाळ्या पडल्या. टाळ्यांसाठी ठरलेली खूण कंत्राटदारानं केलीच नव्हती.

गाड्यांचा धुरळा खाली बसला, तसा कंत्राटदार धावत आला. “काढा कोट. सगळे काढा. आणि तू गं? तुझी एकटीची तरी नोकरी पक्की होती की! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. लेकराचा तरी विचार करायचास!”

“त्याचाच केला,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षांनी तोही पदवी घेऊन याच दारात उभा राहील. त्यालाही कोट भाड्यानंच आणणार का तुम्ही?”

“अगं, ते भाषण होतं!”

“असेल. आम्ही नेमणूक समजलो.”

तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. चष्मेवाल्यानंही लावलं. मग एकेक करत सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी फाटकाला भलंमोठं कुलूप होतं. फाटकासमोर पांढऱ्या कोटांची रांग लागली होती. काल नव्हती ती माणसंही आज रांगेत होती, कोट नव्हता तर घरातला पांढरा शर्ट चढवून आलेली. नऊ वाजून गेले तरी रांग हलली नाही. बातमी कानावर गेली तसे कॅमेरे आले, आणि कालचाच माईक तिच्यापुढे आला. लेकरू आज तिच्या कडेवर होतं. ते माईकचा गोंडा ओढू लागलं.

“हे आंदोलन किती दिवस चालणार?” बातमीदारानं विचारलं.

“आंदोलन कसलं?” लेकराची मूठ हलकेच सोडवत ती म्हणाली. “आम्ही वेळेवर कामावर आलोय. उशीर साहेबांना झालाय.”