वाढत्या अंगाचा फ्रॉक

"आत किती ठेवू गं?" शिलाईवाल्या मावशींनी गळ्यातली टेप काढत विचारलं.

"नेहमीसारखंच, चार बोटं," आई म्हणाली. "बाह्यांतही थोडं राहू द्या. वाढतं अंग आहे."

म्हणायला म्हणाली खरी, पण म्हणताना तिने मुंगीकडे पाहिलं नाही. भिंतीवर टांगलेल्या कुणाच्या तरी ब्लाउजकडे पाहिलं. मुंगी म्हणजे तिची लेक. साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून बापाने ठेवलेलं नाव. आता पोर नऊ वर्षांची झाली होती, आणि साखरेचा डबा समोर उघडा ठेवला तरी तिकडे ढुंकून बघत नव्हती.

या घरात काटकसर काही मुंगीच्या दुखण्याबरोबर आली नव्हती. ती आधीपासून नांदत होती. आई अशी बाई, की साबणाची नवी वडी दोऱ्याने अर्धी चिरल्याशिवाय वापरायला काढायची नाही आणि टूथपेस्टची नळी उभी कापून कोरल्याशिवाय टाकायची नाही. मुलीचे कपडे तर अंगाबरोबर असे कधी शिवलेच नाहीत. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचं, पोर वाढेल तशी दुमड उसवायची. एक फ्रॉक तीन तीन वर्षं जायचा. दुमड सोडली की खालचा पट्टा न विटलेला, गडद निघायचा. शेजारणी चेष्टा करायच्या, झाडाचं वय कळतं तसं तुमच्या फ्रॉकचं कळतं हो. आई म्हणायची, कळू दे की, पैसा तेवढा झाडाला लागत नाही.

मग दुखणं आलं, आणि काटकसरीतूनही काटकसर सुरू झाली. पेपर बंद झाला, रिक्षा बंद झाली, नवराबायकोच्या चहातलं दूध गेलं. वाचेल ते सगळं औषधांत जायचं. वाढदिवसाचा फ्रॉक मात्र तिने खर्चातून वगळला नाही. कापडवाला म्हणाला, एवढ्याशा अंगाला दीड मीटर पुष्कळ झालं. तिने दोन मीटर घेतलं. दुकानदार कमी घ्या म्हणतोय आणि ही जास्त मागतेय, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मावशींनी मुंगीला स्टुलावर उभं केलं. छाती मोजली, उंची मोजली, मग काहीतरी चुकल्यासारखी टेप पुन्हा लावून पाहिली. शेवटी खाली वाकून त्यांनी तिच्या अंगातल्या फ्रॉकची कड उलटली. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच शिवलेला तो फ्रॉक. चार बोटांची दुमड जशीच्या तशी होती, एक टाकासुद्धा उसवलेला नव्हता. त्यांनी कड खाली सोडली आणि हाताने सारखी केली.

ती दुमड आईला माहीत नव्हती असं थोडंच होतं? फ्रॉक धुताना दर वेळी बोटांना लागायची. दर वेळी ती मनाशी म्हणायची, पुढच्या महिन्यात उसवू.

"आई, या वेळी अंगाबरोबर शिवू ना," मुंगी स्टुलावरून म्हणाली. "कमरेला पट्टा पण लावू."

"आणि वाढलीस की? परत नवा शिवायचा?"

मुंगीने जरा विचार केला. शेवटी आईचीच लेक, तिला खर्च कळत होता.

"नाही लागणार नवा," ती समजूत घालावी तशी म्हणाली. "हाच पुरेल."

पोरीने हे रडून म्हटलं असतं तर आईने दटावून गप्प केलं असतं. पण ती अगदी सहज बोलली होती, भूक नाही म्हणून ताट सरकवावं तशी. डॉक्टरांनी दार लावून घेऊन दोघांना जे सांगितलं, ते हिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. घरात आईबाप कुजबुजायला लागले की पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

"अंगाबरोबरच शिवा, मावशी," आई म्हणाली. "पट्टाही लावा."

मुंगी खूश होऊन स्टुलावरून उतरली. तिला बाहेर पायरीवर बसवून आई परत आत आली. मावशींनी कापड पसरलं होतं, हातात कातर होती.

"उरलेलं टाकू नका," ती हळूच म्हणाली. "पुढेमागे खाली पट्टी जोडता येईल ना?"

मावशींनी कातर खाली ठेवली. फ्रॉक धुऊन धुऊन विटणार, पट्टी कोरी राहणार, जोड लांबूनही दिसणार, हे त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी वेगळंच सांगितलं.

"फ्रॉक धुशील तेव्हा पट्टीही धूत जा. दोन्हींचा रंग सारखा उतरेल. मग जोड कुणाला कळायचा नाही."

वाढदिवसाला मुंगी दिवसभर तो फ्रॉक घालून होती. कुठेही सैल नाही, कुठेही लोंबत नाही. आरशासमोरून तिला हलवावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धुणं घेऊन बसली. आधी तिने फ्रॉक धुतला. मग ती कोरी पट्टी बादलीत बुडवली आणि साबणाची अर्धी वडी घेऊन तिला लावायला लागली, या बाजूने, त्या बाजूने. नवरा दारात येऊन उभा राहिला. साबणाचा तो खर्च त्याने या घरात कधी पाहिला नव्हता.

"अगं, ती मळलेली तरी आहे का?" त्याने विचारलं.

"बरोबरीने विटायला हवी," ती म्हणाली, आणि तिने पट्टीला पुन्हा साबण लावला.