मागितलेला पास

हाफटाइमला सन्मती सरांनी एकच गोष्ट विचारली. "सृष्टीकडं किती बॉल गेले?"

कोरेगावच्या कॉलेजच्या मुली सांगलीच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला मातीतच बसल्या होत्या. पाण्याची बाटली फिरत होती. कुणीतरी मोज्यातली कुसळं काढत होतं. उत्तर गोलकीपर प्रीतीनं दिलं.

"एकबी न्हाई, सर."

"एक गोल खाल्लाय आपण. पुढं ही एकटी उभी आहे आणि पंचेचाळीस मिनिटांत तिला एक पास नाही. का?"

पुढं जाणारा प्रत्येक बॉल कॅप्टन संयोगिताच्या पायातून जायचा. ती बुटाची नाडी बांधत होती. बांधून झालेली नाडी तिनं सोडली आणि परत बांधायला घेतली.

"प्रीते, सांग तिला," ती म्हणाली. "पास पायजे तर नाव घेऊन मागायचा. सरांचाच नियम हाय."

"तिलाबी सांग," सृष्टी दुसरीकडंच बघत म्हणाली. "डोळं उघडं असल्यावर मागाय लागत न्हाई."

"मी काय पोस्टमन हाय व्हय गं?" प्रीती म्हणाली. एक जण हसली आणि तिनं लगेच बाटली तोंडाला लावली.

सर जूनमध्येच कॉलेजात आले होते. "काय चाललंय हे?"

"त्यांचं बोलणं न्हाई, सर," प्रीती म्हणाली. "चुलत बहिणी हायत. पाच वर्सं झाली, अंगणात भिंत घातल्यापासनं."

"भिंत कुणी घातली तेबी सांग," सृष्टी म्हणाली.

"हद्द कुणी सरकवली ते आदी सांग," संयोगिता म्हणाली.

"घर कोरेगावात ठेवून यायचं," सर म्हणाले.

"कसं ठेवायचं, सर? वडील थितं उभं हायत की."

संयोगितानं हनुवटीनं दाखवलं. तिचे वडील दादासो आपल्या जीपला टेकून उभे होते. सकाळी सगळी टीम त्याच जीपमधून आली होती. सृष्टी तेवढी एसटीनं, कराडला गाडी बदलून.

सरांनी आवाज खाली घेतला. "त्या पांढऱ्या टोपीतल्या मॅडम दिसतात का? विद्यापीठाच्या संघासाठी नावं घ्यायला आल्यात. सृष्टी, तुझी पोलीस भरती किती मार्कांनी हुकली?"

"दोन."

"विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडूंना भरतीत वेगळ्या जागा असतात. पण बॉलला पाय न लागलेल्या पोरीचं नाव त्या काय म्हणून लिहितील? आणि संयोगिता, पास न देणाऱ्या पोरीचं तरी का लिहितील? आता ऐका. नाव घेऊन मागेल तिला पास द्यायचा. मागूनही जी देणार नाही तिला मी बाहेर काढीन. कॅप्टन असली तरी."

दुसऱ्या हाफमध्ये सृष्टी पळत राहिली. मोकळी जागा शोधून हात वर करत होती, पण तोंड उघडत नव्हती. संयोगिताला तो हात दर वेळी दिसायचा. दर वेळी ती बॉल बाजूला द्यायची, नाहीतर मागं.

सांगलीच्या मुलींच्या हे कधीच लक्षात आलं होतं. "ए, त्या नऊ नंबरला सोड," त्यांची एक खेळाडू दुसरीला मोठ्यानं म्हणाली. "तिला तिच्याच पोरी देत न्हाईत. तू मधी ये."

मग सृष्टीजवळ कुणी राहिलंच नाही. बहुतेक सगळ्या मधे.

दहा मिनिटं उरली. संयोगिताला तिघींनी घेरलं. बाजू बंद, मागची वाट बंद. समोर तेवढं मोकळं होतं, आणि तिथं, गोलच्या तोंडाशी, सृष्टी एकटी. सांगलीची एक मुलगी पलीकडच्या खांबापाशी रेंगाळली होती, म्हणून ऑफसाइडही नव्हता. मैदानाच्या कडेला मॅडम वहीत खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या.

सृष्टीनं हात वर केला. सकाळी डबा हातात देताना आई म्हणाली होती, हरलीस तर हर, पर त्यांच्याम्होरं हात पसरू नगंस. सृष्टीनं मॅडमच्या वहीकडं एकदा बघितलं.

"संयू," तिनं हाक मारली.

घरातलं नाव होतं ते. टीममध्ये कुणाला माहीत नव्हतं. जीपला टेकलेले दादासो सरळ उभे राहिले.

संयोगिताचं तोंड लाल झालं. तिनं सगळा जोर पायात आणून बॉल मारला. त्याला पास म्हणणं कठीण होतं. माणसावर धोंडा भिरकावावा तसा तो छातीच्या उंचीनं सरळ आला. सृष्टीला बाजूला होता आलं असतं. ती झाली नाही. बॉल छातीवर आदळला, तिचा श्वास अडकला, बॉल पायाशी पडला आणि दुसऱ्या क्षणी जाळीत होता.

पोरी पळत येऊन तिच्या अंगावर पडल्या. संयोगिता होती तिथंच उभी राहिली.

बॉल मारल्याच्या आवाजानं मॅडमनी मान वर केली होती, तोवर तो हवेत होता. मुली परत फिरल्या तशा त्या कडेकडेनं चालत गोलपाशी आल्या.

"नऊ नंबर, नाव काय तुझं?"

सृष्टीनं सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

"छान अडवलास. मी खाली बघत होते, पास कुणाचा होता? एवढ्या लांबून, एवढा सरळ. तिचंही नाव दे."

सृष्टीच्या गळ्याखाली लाल चट्टा उठला होता. तिनं वळून बघितलं. मैदानाच्या मध्यावर संयोगिता कमरेवर हात ठेवून इकडंच बघत होती.

"बघितलं न्हाई, मॅडम," सृष्टी म्हणाली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.